गार्डाचा डबा मागं राहिला

त्या रविवारी मी मलकापूरची मालगाडी गार्डाच्या डब्याशिवाय सोडली.

गाडी फळीवरची होती हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी घाबरायला नको. इंजिन माझ्या चष्म्याच्या घराएवढं आणि डबे अंगाच्या साबणापेक्षा थोडे लांब. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण स्वतःला यार्ड मास्तर म्हणवून घेणाऱ्या माणसानं करू नये अशी ती चूक होती. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो. पुढच्या स्टेशनचा मास्तर बाहेर येऊन उभा राहतो तो इंजिनाची शोभा बघायला नव्हे, हा शेवटचा डबा बघायला. तो दिसला की गाडी सगळी आली. नाही दिसला, तर वाटेत काहीतरी सुटून राहिलंय असं समजायचं, आणि ते मिळेपर्यंत त्या रुळावर दुसरं काही सोडायचं नाही.

आमच्या मलकापूरचा स्टेशन मास्तर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. शिवाजी पेठेत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. तो खोलीच्या पलीकडच्या भिंतीला स्टूल टाकून बसला होता. गाडी त्याच्यापुढनं गेली आणि तो मान लांब करून बघतच राहिला.

"यार्ड," तो म्हणाला, "गार्ड कुठाय?"

"आहे की मागं."

"मागं म्हंजे तुझ्या मागं हाय. तीन नंबरच्या रुळावर बघ. एकटाच हुबा हाय. वऱ्हाडाची गाडी गेली आणि नवरदेवाचा मामा राहिला, तसा."

तो हसला. मीही हसलो. गाडी चालवत होता माझा जावई. तो हसला नाही. हातातलं बटण त्यानं शून्यावर आणलं, गाडी अलगद थांबवली आणि म्हणाला, "मी गाडी मागे आणतो. यार्ड, तीन नंबरचा सांधा लावा."

सांधा म्हणजे गाडी या रुळावरनं त्या रुळावर जायची जागा. एक खटका खाली केला की झालं. लहान पोरालाही येईल. पण माझा हात नीट चालत नव्हता, आणि तो का चालत नव्हता हे सांगायचं तर खोलीपासून सुरुवात करायला लागेल.

खोली माझ्या मुलीची.

आमचं घर कळंब्याकडं आहे, तळ्यावरचं वारं पोचतं इतक्या अंतरावर. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आमची झोपायची खोली; वर एक खोली आणि गच्ची. वरची खोली मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिला दिली. भिंतीतलं कपाट तिनं स्वतः उभं राहून करून घेतलं, सुताराला चार वेळा कप्पे बदलायला लावून. मग तिचं लग्न झालं. बायको सगळ्या पाहुण्यांना सांगते की, पाठवणीचे हार सुकायच्या आत हे वर फळ्या चढवायला लागले. तसं काही नाही. हार सुकले होते.

त्याआधी आमच्या गाड्या मित्राच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत असायच्या, काश्मीरचा देखावा रंगवलेल्या पडद्याखाली. गिऱ्हाईक आलं की आख्खं यार्ड गुंडाळून कडेला. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. डोंगर करायचा तर थर्माकोल कापून, गवत करायचं तर लाकडाचा भुसा हिरवा रंगवून, हे मला जमतं, पण त्यासाठी जागा लागते, आणि ती एकदम मिळाली.

कोल्हापूरला रेल्वे येऊन संपते. ती पुढं कोकणात न्यायची बोलणी मी लहान असल्यापासून ऐकतोय. म्हटलं, आपणच न्यावी. फळीवर नेली. खिडकीखालच्या भिंतीला कोल्हापूरचं माल यार्ड, समोरच्या भिंतीला मलकापूर, त्याच्या पुढच्या कोपऱ्यात आंबा घाट. मलकापूर मुद्दाम घेतलं, कारण ते बायकोचं माहेर. तिला बरं वाटेल अशी कल्पना होती. तिनं दारातनंच बघितलं.

"माझ्या माहेरला यस्टी वेळेत यीना," ती म्हणाली, "आणि तुम्ही मालगाडी न्यायला लागलाय. न्या."

एक अडचण झाली. मलकापूर नेमकं त्या भिंतीतल्या कपाटापुढं आलं. वरचं दार फळीला अडतंय, खालचं दार फळीखालनं रांगत गेलं की अर्धं उघडतंय. मी म्हटलं, आता कोण उघडणार आहे ते.

लोकांना वाटतं आम्ही गाड्या गोल गोल फिरवतो. आमच्याकडं काम असतं. प्रत्येक डब्याला एक कार्ड असतं: हा खत घेऊन मलकापूरला, हा रिकामा साखर कारखान्यात, हा गुळाचा, हा सिमेंटचा. आलेली गाडी यार्डात घ्यायची, डबे सोडवायचे, ज्याला जिथं जायचं तसे रांगेत लावायचे, नवी गाडी बांधायची आणि सोडायची. डबे सोडवायला आम्ही कबाबाची बांबूची काडी वापरतो. हे यार्ड मास्तरचं काम आणि ते माझं. सगळ्या कामात एक गोष्ट मी कधी मोडली नाही. एक रूळ कायम मोकळा ठेवायचा. कितीही गर्दी होवो, येणाऱ्या गाडीला थेट आत घेता आलं पाहिजे. ज्या यार्डात मोकळा रूळ नाही ते यार्ड नव्हे, भंगाराचं दुकान. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकवलंय की मुलगी लहानपणी माझ्या आवाजात म्हणून दाखवायची.

दुसरा नियम मित्रानं काढला. काम चालू असताना नाती नाहीत, नावं नाहीत. मी यार्ड, तो मलकापूर, चालवणारा तो ड्रायव्हर. त्यानं म्हणे शिस्त राहते. खरं कारण असं की कामात मी चुकलो की त्याला शिव्या द्यायच्या असत आणि शाळेच्या मास्तराला शिव्या देणं त्याला जड जाई. यार्डाला देता येतात.

जावई मी यार्डात निवडला. कुणी कांदेपोह्यांत निवडतं, कुणी पत्रिकेत. मी डबे जोडताना निवडला.

तो मित्राचा भाचा. एमआयडीसीत एका फौंड्रीत इंजिनिअर. एका रविवारी मामाबरोबर स्टुडिओत आला आणि खेळायला बसला. बहुतेक नवी माणसं डबे आपटतात. इंजिन जोरात आणतात, खाट्कन आवाज होतो, मागचा डबा घसरतो, मग हसतात. यानं पहिल्याच दिवशी इंजिन असं आणलं की जोडलं कधी ते कळलं नाही. आवाज नाही. चुकलं तर चिडणं नाही. दोन तास एक शब्द जादा बोलला नाही. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, मुलगा म्हणजे असा, डबे आपटत नाही.

"म्हंजे काय वो?" ती म्हणाली.

"म्हणजे शांत आहे. संयम आहे."

"तिच्याशी बोलतोय का ते बघा. डब्यांचं काय सांगताय."

बोलला. लग्नाआधी बोलला की. लग्नही चांगलं झालं. संसारातही आरडाओरडा नाही, दारू नाही, हात उगारणं नाही. त्याच्या घरची माणसं सगळ्यांना सांगायची, आमचा पोरगा आवाज चढवत नाही. ते अगदी खरं होतं. दोनेक वर्षांनी मुलगी एक बॅग घेऊन आली, हॉलमध्ये दिवाणावर बसली आणि तिनं जे सांगितलं ते एवढंच होतं.

"तो बोलतच नाही, बाबा. एखादी गोष्ट त्याच्या मनासारखी झाली नाही की बंद. आठवडेच्या आठवडे. मी विचारलं की खोलीतनं उठून जातो. ताट वाढलं की जेवतो. मी आहे हेच त्याला कळत नाही असा चालतो घरात."

"कशावरून सुरू झालं?" मी विचारलं.

"आठवत नाही. एकदा चार्जर होता. एकदा त्याच्या आईला मी फोन केला नाही तेव्हा."

मी म्हणालो, होईल नीट. स्वभाव असतो एकेकाचा. बायको मुलीशेजारी बसून बॅगेची चेन उघडझाप करत राहिली.

काही दिवसांनी तिचं बाकीचं सामान टेंपोनं आलं. साखरेच्या पोत्यांत भरलेलं. चपला, पुस्तकं, साड्या, मिक्सरचं भांडं, सगळं एकात एक कोंबलेलं. कुणीतरी काचेच्या बरण्या कशातही न गुंडाळता नुसत्या साड्यांत टाकल्या होत्या. त्यातली एक फुटली आणि लिंबाचं लोणचं पोतंभर कपड्यांना लागलं. बायकोनं ते कपडे किती वेळा धुतले कुणास ठाऊक. अजून इस्त्री फिरवली की वास येतो.

सामान कुठं ठेवायचं, हा प्रश्न आला. वर खोलीत फळ्या. पोती आमच्या झोपायच्या खोलीत पलंगाखाली गेली, उरलेली फ्रीजच्या मागं. मुलगी दिवाणावर झोपायला लागली. तिचं काम लॅपटॉपवरचं, दिवसभर कुणाकुणाशी बोलायचं. ती जेवायच्या टेबलावर बसायची. बायको शेंगदाणे कुटायला घेऊन गच्चीवर जायची, आवाज नको म्हणून. मुलगी खोलीबद्दल कधीच काही बोलली नाही. बायको एकदाच बोलली. मी म्हटलं, बघू.

माझ्या मनातली बाजूही सांगतो. ती मला त्यावेळी फार शहाणपणाची वाटत होती. मी असा विचार केला होता की फळ्या काढल्या म्हणजे लग्न मोडलं. आपणच जाहीर केल्यासारखं. फळ्या आहेत तोवर ती माहेरी आलेली मुलगी. फळ्या काढून खोली लावून दिली की ती परत आलेली. शब्द जवळजवळ तेच, पण पेठेत त्यांचा अर्थ दोन तऱ्हेनं होतो. तेव्हा रूळ ठेवणं हाच विश्वास. असा माझा मोठा विश्वास होता, आणि तो सगळा मुलीच्या खोलीत पसरला होता.

जावई रविवारी येतच होता. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटेल. मला वाटत नव्हतं. मुलगी घरी आल्यावर पहिल्या रविवारी तो आला नाही, दुसऱ्या रविवारी मित्राबरोबर आला, जिन्यानं सरळ वर गेला. मला बरंच वाटलं. म्हटलं, पाय लागतायत घराला, एखाद्या रविवारी खाली थांबेल. मुलगी रविवारी सकाळी मैत्रिणीकडं जायला लागली. पूर्वी रविवारी घरात मटण असायचं आणि दुपारी आम्ही सगळे खाली पंगतीला बसायचो. बायकोनं मटण बंद केलं. खालनं चहा वर पाठवायची, तोही कपांत नाही, किटलीत. घ्या ओतून.

त्या रविवारी मी ठरवलं होतं, आज बोलायचं. काम संपलं की जावयाला खाली बसवायचं, मुलीला बोलवायचं, मी आणि मित्र मधे. मित्राला आदल्या दिवशी सांगून ठेवलं. तो म्हणाला, "बोलू की. माझा भाचा हाय, मला न्हाई म्हणायचा न्हाई." मुलीलाही म्हटलं, आज जाऊ नको बाहेर. ती म्हणाली, बरं. का ते विचारलं नाही. त्या 'बरं'वर मी आख्खी दुपार बांधली होती.

काम झकास चाललं होतं. सकाळची साखर गाडी आली, मी मोकळ्या रुळावर घेतली. जावई खोलीच्या मधोमध बटणाचा डबा हातात घेऊन उभा. मी काडीनं डबे सोडवतोय, तो इंजिन मागं-पुढं करतोय, मधे बोलणं फक्त कामाचं. खरं सांगतो, इतकं छान काम तीन माणसांत क्वचित होतं. मी मनात म्हटलं, बघा, माणूस चांगला आहे.

मग मलकापूरची गाडी बांधायला घेतली. खताचे डबे, सिमेंटचे डबे लावले. गार्डाचा डबा तीन नंबरला होता, तो शेवटी जोडायचा होता. तेवढ्यात मुलगी वर आली.

ती दारात उभी राहिली. दारापाशीसुद्धा फळी आडवी आहे, वाकून आत यावं लागतं.

"बाबा, माझी गोधडी काढायची होती," ती म्हणाली. "खाली थंडी वाजते."

गोधडी कपाटात. कपाट मलकापूरच्या मागं. मी म्हटलं, "थांब, गाडी गेली की देतो काढून."

"मी घेतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, मी येतो, मी घेतो. ती फळीखालनं आत आली, जावयाच्या बाजूनं. तो अर्धं पाऊल सरकला. मित्र स्टुलावरनं उठला आणि कडेला झाला. ती खाली बसली, ओढणी कमरेला खोचली आणि मलकापूरच्या खाली रांगत शिरली. आम्ही तिघं पुरुष उभे. फळी थोडी हलली. स्टेशनातला सिमेंटचा एक डबा डोलला.

जावई वाकला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा तिच्या दिशेनं वाकत होता. मित्रानं माझ्याकडं बघितलं, मी मित्राकडं.

"सावकाश," जावई म्हणाला. "सांध्याची वायर आहे तिथं. ओढली जाईल."

आणि सरळ झाला.

फळीखाली ती थांबली असावी. हालचाल बंद झाली. मग कपाटाचं दार किरकिरलं, अर्धंच उघडतं ते, आणि काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मी त्यावेळी काय करत होतो हे सांगितलं पाहिजे. मी पुढं होऊन सिमेंटचा तो डबा दोन बोटांनी धरून ठेवला होता. पडू नये म्हणून.

ती गोधडी घेऊन उलटी रांगत बाहेर आली. ओढताना गोधडी फळीच्या कडेला घासली होती. तिच्या केसांत, खांद्यावर, गोधडीवर, सगळीकडं माझा हिरवा भुसा. तिनं जावयाकडं पाहिलं नाही. माझ्याकडं बघितलं, माझ्या दोन बोटांकडंही.

"तुमचं गवत सांडतंय, बाबा," ती म्हणाली आणि वाकून दारातल्या फळीखालनं गेली.

जिन्यावरची तिची पावलं मी ऐकत होतो. तेवढ्यात जावई म्हणाला, "यार्ड, गाडी तयार?"

मी म्हटलं, "सोडा."

ती गाडी गार्डाशिवाय गेली, ती अशी.

पुढं जे झालं ते काम म्हणून झालं. गाडी मागं आणली, गार्डाचा डबा जोडला, परत सोडली. मग माझ्या हातनं आणखी दोन डबे घसरले. खत साखर कारखान्यात गेलं. मित्र शिव्या द्यायच्या वेळी गप्प बसायला लागला, तेव्हा मला समजलं की आजचं यार्ड गेलं.

काम संपलं की आम्ही नाती परत घेतो. मी म्हणालो, "खाली बसूया का जरा? ती पण आहे. बोलायचं होतं."

"आज नको, काका," जावई म्हणाला. लग्नानंतरही तो मला काकाच म्हणायचा. "आज डोकं दुखतंय. सगळं कामच विस्कळीत झालं. कार्डं आधी लावून ठेवत जा तुम्ही." मग कपाटाच्या बाजूला बघून म्हणाला, "आणि ती वायर वर बांधून घ्या. कुणाचा तरी पाय अडकायचा."

मित्र म्हणाला, "आरं, दोन मिंटं बस की. मी सांगतोय न्हवं."

"मामा, मला गाडी धुवायला टाकायचीय."

मग त्यानं आपली पिशवी उघडली. यार्डातले बरेच डबे त्याचे स्वतःचे होते. ते माझ्याकडंच असायचे. तो म्हणाला, "हे घेऊन जातो. इथं भुसा फार उडतो." पिशवीतनं त्यानं पिवळ्या फ्लॅनेलचे तुकडे काढले, चौकोनी कापलेले, कडा शिवलेल्या. एकेक डबा उचलायचा, मऊ ब्रशनं चाकं झाडायची, फ्लॅनेलमध्ये गुंडाळायचा, खोक्यातल्या खणात उभा ठेवायचा. दोन डब्यांत आणखी एक कापसाची घडी. कशाची घाई नाही. मी बघत उभा होतो. मला इतक्या वर्षांत सामान बांधायची अशी नजाकत दिसली नव्हती. मुलीचं सामान टेंपोत भरलं तेव्हा दिसली असती, पण त्या दिवशी तो फौंड्रीत ड्यूटीवर होता.

खोकं छातीशी धरून तो जिना उतरला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरनं बघत होतो, खाली बायको दाराशी होती.

"निघालात पावणं?" ती म्हणाली.

"हो. येतो."

ती दाराची कडी धरून उभी राहिली, आणि तो बाहेर पडल्यावर तिनं दार लोटलं.

मित्र अजून वरच होता. तो माझा हात धरून म्हणाला, "हे बघ, पोरगं वाईट न्हाई. तुझी पोरगी पण वाईट न्हाई. थोडं दमानं घे. फळ्या एवढ्यात काढू नगोस. काढल्यास तर लोक म्हणतील, मोडलंच."

माझंच वाक्य होतं. दुसऱ्याच्या तोंडातनं ऐकल्यावर किती हलकं निघालं ते.

"पुढच्या रविवारी मला शाळेत काम आहे," मी म्हणालो.

"रविवारी?"

"हां. रविवारी."

आम्ही दोघं पहिलीत एका बाकावर बसलेली माणसं. त्याला खोटं लगेच कळतं, आणि कळलं तरी तो बोलत नाही. स्टूल त्याच्या स्टुडिओतलं होतं, गिऱ्हाइकाला फोटोसाठी बसवायचं. फिरणारं. ते त्यानं खांद्यावर घेतलं, दारापाशी आडव्या फळीखालनं स्टुलासकट कसाबसा वाकून बाहेर पडला आणि गेला. मलकापूरला मास्तर राहिला नाही.

मी यार्डापुढं उभा राहिलो. त्याचे डबे गेल्यावर यार्डात बरेच रूळ मोकळे झाले होते. एरवी मला यार्ड मोकळं दिसलं की समाधान वाटतं. गार्डाचा डबा माझा होता, तो तेवढा उभा होता. तो मी खिशात टाकला, का ते सांगता येणार नाही, आणि खाली गेलो.

मुलगी दिवाणावर झोपली होती. भर दुपारी. गोधडी डोक्यावरनं ओढून घेतली होती आणि गोधडीवर हिरवे ठिपके तसेच. झोपली होती की नुसती पांघरून पडली होती, मला सांगता येत नाही. तिच्या उशाशी दोन पावलं थांबलो. काही बोलावं असं वाटलं. मला जे सुचत होतं ते सगळं कामाचं होतं. भुसा झाडून देतो, वगैरे.

स्वयंपाकघरात बायको गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. एखादा फार मोठा त्याग करायला निघालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, तसा माझा असावा, कारण तिनं एकदा बघितलं आणि परत गवारीत बघितलं.

"डबे घेऊन गेला तो," मी म्हणालो.

"बघितलं. लेकरागत धरलं हुतं खोकं."

"तिच्याशी एक शब्द बोलला. वायर सांभाळ म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालासा?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. शेंगेची शीर काढून ताटलीच्या कडेला लावली.

"मी ठरवलंय," मी म्हणालो. "काढून टाकतो सगळं. यार्डापासून सुरुवात करतो. यार्ड सगळ्यात मोठं आहे, त्यालाच दिवस लागतील. मग घाट. मलकापूर शेवटी काढू, तुझं माहेर आहे." यावर ती काहीतरी बरं बोलेल, अशी माझी अपेक्षा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तिनं हातातली शेंग मोडली. हॉलकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मलकापूर आधी काढा," ती म्हणाली. "पोरीचं कपाट त्याच्या मागं हाय."